कुलूप लागलंय ना?

रात्रीचे साडेअकरा. दाराला कुलूप आहे. तिनं ते स्वतः चार वेळा ओढून पाहिलंय. तरी ती अंथरुणातून पुन्हा उठते. डोळ्यांना कुलूप दिसतं, बोटांना लागतं, मनाला पटत नाही.

याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर म्हणतात ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर). टापटिपीची आवड असली तरी आपण सहज हे नाव देऊन मोकळे होतो, ते चूक आहे. टापटिपीत समाधान असतं. इथे नकोसा विचार घुसतो, भीती चढते आणि ती उतरावी म्हणून माणूस तीच कृती पुन्हा करतो. घटकाभर बरं वाटतं. तेवढ्यावरून मेंदू धडा घेतो: तपासलं म्हणून वाचलो.

कृती दरवेळी दिसतेच असं नाही. कुणी मनातल्या मनात आकडे मोजत बसतं. एखाद्या आईला वाटतं, आपल्या हातून बाळाला इजा होईल. ती सुऱ्या लपवते, बाळाला उचलून घ्यायला घाबरते आणि कुणाला सांगत नाही. हा विचार म्हणजे तिची इच्छा नव्हे. तो तिच्या मायेच्या इतका विरुद्ध आहे, म्हणूनच ती हादरते. असे भलते विचार निरोगी माणसांनाही येतात, हे रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवलं.

त्याआधी, १९६६ साली, लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरचे उपचार प्रसिद्ध केले. भीतीला सामोरं जायचं, पण नंतरची कृती करायची नाही. आजची मुख्य उपचारपद्धती यातूनच वाढली. सुरुवात सोप्या भीतीपासून, थेरपिस्टच्या सोबतीनं आणि रुग्णाच्या संमतीनं. सोबत सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारखी औषधं देतात. त्यांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडेही लागतात. तिसऱ्या आठवड्यात आपल्या मनानं गोळ्या सोडू नयेत.

सगळ्यात अवघड काम घरच्यांचं. नवरा रोज मायेनं सांगायचा, “हो गं, लागलंय कुलूप.” त्या उत्तरावर शंका पोसली जात होती. थेरपिस्टसमोर बसून दोघांनी ठरवलं, आता हे उत्तर द्यायचं नाही.

“लागलंय ना?”

“शंका आली ना पुन्हा? मी आहे इथे. बस जरा.”

ती बसते. तळहात ओले झालेत. अकरा चाळीस. अजून ती दारापाशी गेलेली नाही.