गरम आलुबोंडा

नमस्कार श्रोतेहो.

आज मला आलुबोंड्याविषयी बोलायचं आहे. आलुबोंड्यासोबत भजे येतील, कचोरी येईल, पाटोडीचा रस्साही येईल. पण ज्याच्यासाठी आम्ही पोरं आठवडाभर दिवस मोजायचो, तो आलुबोंडाच. आता पोरांच्या तोंडी पिझ्झा, बर्गर, मंच्युरियन असतं. 1996 साली दिल्ली-मुंबईत मॅकडोनाल्ड्सची पहिली दुकानं उघडली, आणि तेव्हापासून झटपट खाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शहरच येतं. खेड्यात मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. बाजाराच्या दिवशी, निंबाच्या झाडाखाली, पऱ्हाट्यांच्या जाळावर.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ चढवली तर शिजता शिजत नाही. चहा केला तर तोंड वाकडं होतं. ओलित करावं तर जमीन बिघडते. पण आमची काळी माती पावसाळ्याची ओल पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा येतो. म्हणून घरात काही नसलं तरी चण्याची डाळ असायची आणि डब्यात बेसन असायचं. पाहुणा आला, झुणका टाक. सण आला, पाटोडी कर. पाऊस लागून राहिला, भजे तळ. हाटेलवाल्याची कढईही याच बेसनावर चालायची. आमच्या भागातल्या तळणाची चव मला अजूनही शेतातली वाटते, ती यामुळे.

बाजाराच्या दिवशी शाळेत कुणाचं मन लागत नसे. सुट्टीची घंटा झाली की आम्ही सरळ कढईपुढे. हाटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनपत्रे, मातीचा ओटा आणि ओट्यात बसवलेली चूल. जळण पऱ्हाटीचं. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती वाळकी पऱ्हाटी. तिचा जाळ भडकून उठतो आणि लगेच बसतो. त्यामुळे तळणाऱ्याला एक हात कढईवर आणि एक हात चुलीत ठेवावा लागे. उकडलेले आलू तो हातानंच फोडायचा, पार लगदा करायचा नाही, मधे मधे फोडी राहू द्यायचा. त्यात हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याचा ठेचा, हळद, मीठ आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. गोळा पिठात बुडवून तेलात सोडताना बोटं तेलाच्या इतकी जवळ जायची की आम्हीच श्वास धरायचो. बेसनाचे चुकार थेंब बाजूला तरंगायचे, त्यांची कुरकुरीत बुंदी व्हायची. ती झाऱ्यानं काढून तो कागदावर टाकायचा आणि उभ्या पोरांना फुकट द्यायचा. ज्याच्याजवळ पैसे नसत, त्याचा बाजार त्या बुंदीवर होत असे. त्या माणसाला गावातलं प्रत्येक पोरगं कुणाच्या घरचं, हे ठाऊक होतं. उधारी कुणाच्या नावावर लिहायची आणि कुणाला "घरी जाय आता, माय वाट पाहत असंन" म्हणून हाकलायचं, तेही ठाऊक होतं.

पण खरा सोहळा कापसाचा. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि सगळा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर जाऊ लागला. केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. नंबर लागेपर्यंत रात्र काढावी लागे. बाबा मला एकदोनदा गाडीवर घेऊन गेले होते. कापसाच्या ढिगात अंग रुतवून निजायचं, वर हिवाळ्याचं आभाळ, आणि पहाटे जाग यायची ती रांगेच्या कडेला लागलेल्या कढईच्या वासानं. थंडीत कुडकुडणारे शेतकरी, गाडीवान, हमाल, सगळे एकाच चुलीभोवती उभे राहून बोंडे खायचे. द्रोणात बोंडा, त्यावर तिखट रस्सा, वर कच्चा कांदा. कापसाचे पैसे, म्हणजे आमच्याकडचा चुकारा, पुष्कळदा हप्त्याहप्त्यानं मिळे. पण तो मिळाला की बाबांच्या धोतराच्या सोग्यात पुडा असणार, हे ठरलेलं. वर्तमानपत्राचा कागद तेलानं पारदर्शक झालेला. त्या एका पुड्यावरून घराला कळायचं की यंदा हिशेब बरा लागला.

श्रोतेहो, मला आज खरं बोलायचं आहे ते यापुढचं.

तो पुडा घरी येईपर्यंत थंड झालेला असे. केंद्रापासून गाव दूर, बैलांची चाल. आणि माझ्या मायनं, माझ्या आजीनं, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांनी आयुष्यभर आलुबोंडा खाल्ला तो असाच. थंड, मऊ पडलेला, कागदाची शाई लागलेला. बाजारात बाया यायच्या, मीठ-मिरची-तेल घ्यायच्या, बांगड्या भरायच्या, डोक्यावर टोपलं घेऊन परतायच्या. हाटेलाच्या बाकावर मात्र बाई बसत नसे. तसा काही कायदा नव्हता आणि कुणी अडवायलाही उभं नव्हतं. पण बसत नसे. चुलीवर सगळ्या गावाचं रांधणारी बाई दुसऱ्याच्या हातचं गरम खाणार तरी कुठे?

त्यातही मायनं आपली रीत काढली होती. पुडा उघडून लगेच वाटून टाकायचा नाही. आधी कांदा भाजायचा, खोबऱ्याचा तुकडा भाजायचा, तिखट-मसाला घालून पातळ रस्सा उकळायचा. मग ते थंड बोंडे त्यात सोडायचे. पाच-सहा बोंड्यांत घरची सगळी माणसं आणि सालदार असे सगळे जेवायचे, ज्वारीच्या भाकरीसोबत. बोंड्याचं वरचं आवरण फुगून रस्सा पिऊन टाकायचं आणि आतला आलू आख्ख्या रश्शाला दाट करायचा. आजही मला हाटेलातल्या बोंड्यापेक्षा तो रस्सा जास्त आठवतो. आठवला की आधी जीव हरखतो आणि मग मायचं ताट डोळ्यांपुढे येतं. तिच्या ताटात रस्सा असायचा, बोंडा क्वचितच.

पुढे शिक्षणासाठी मी अकोल्याला राहिले आणि गाडीनं शेगावला जाणं-येणं सुरू झालं. तिथली कचोरी तुम्हां सर्वांना माहीत आहेच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगाव रेल्वे स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी तिचं नाव दूरदूर नेलं. आत मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. त्या स्टेशनवर मी पहिल्यांदा पाहिलं की बाया उभ्यानं खात आहेत. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या, नऊवारीतल्या, कडेवर पोर घेतलेल्या खेड्यातल्या बाया, फलाटावर गरम कचोरी फुंकून फुंकून खात होत्या. गाडीत आणि यात्रेत बाईला जी मोकळीक होती, ती गावच्या बाजारात नव्हती.

म्हणून मी मायला बहिरमच्या यात्रेला नेलं. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा डिसेंबरच्या अखेरीस भरते आणि जानेवारीभर चालते. मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे यांसाठी लोक लांबलांबून येतात. आम्ही दर्शन घेतलं आणि मी तिला एका कढईजवळ बाकावर बसवलं. ती आधी पदर सावरत इकडे तिकडे पाहत राहिली. "कोनी पाह्यलं तं?" म्हणाली. मी म्हटलं, "पाहू दे." तळलेला बोंडा थेट तिच्या द्रोणात आला. तिनं तो फोडला, वाफ निघाली, आणि पहिल्या घासाला तिचं तोंड पोळलं. "बाप्पा! असा लागते होय हा?" ती म्हणाली. मग तिनं आणखी एक मागितला, स्वतःच्या तोंडानं, कढईवाल्याकडे पाहून. माझ्या मायला मी कुणाकडे काही खायला मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता काळ पुष्कळ पालटला. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं, कढईतलं तेलही सोयाबीनचं झालं. चौकाचौकात चायनीजच्या गाड्या लागल्या आहेत. पाच रुपयांची पाकिटं किराणा दुकानाच्या दारावर माळेसारखी लोंबतात आणि शाळेत जाणारं लेकरू सकाळी उठल्यापासून तेच खातं. ते मला पाहवत नाही. रोज, एकट्यानं, कुणी बनवलं ते न दिसता पोटात जाणारं ते खाणं आहे. त्यापेक्षा लेकराच्या हातात डोळ्यांदेखत तळलेला बोंडा द्या, आठवड्यातून एकदा द्या, असं मी माझ्या शाळेतल्या पालकांना वर्षानुवर्षं सांगत आले.

तरी जुनं ते सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. आज बाजारात पाणीपुरीच्या गाडीभोवती मायलेकी उभ्या असतात, शेतातून परतणाऱ्या मजूर बाया स्वतःच्या मजुरीतून कचोरी घेतात आणि तिथंच खातात. यात्रेत, प्रदर्शनात बचत गटाच्या बाया स्वतः कढई लावतात. पाटोडीचा रस्सा, झुणका-भाकर, सांबारवडी विकतात आणि गल्ल्यावर स्वतः बसतात. 1995 साली सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, तेव्हा आमच्या आजीला प्रश्न पडला होता, "भाकर का इकाची चीज हाय?" आज तीच भाकर विकून बाया लेकरांच्या शाळेचा खर्च भागवतात. हे पाहून मला फार आनंद होतो, आणि तो मी लपवत नाही.

येत्या बाजाराला तुमच्या मायला, आजीला, घरच्या बाईला सोबत घेऊन जा. घरी पुडा बांधून आणू नका, तिला तिथंच बाकावर बसवा. पहिला घाणा निघू द्या, तो थोडा तेल पितो; दुसऱ्या घाण्यातला घ्या. आणि तळलेली मिरची आठवणीनं मागून घ्या, पुष्कळ ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत.

नमस्कार.