सात नंबरची रात्र

(दृश्य: जिल्हा रुग्णालयातला स्त्रियांचा सर्जरी वॉर्ड. रात्रीचे साडेनऊ. कॉटांच्या मधल्या जागेत चटया अंथरल्या जातायत.)

जेवणाचे डबे आवरून झालेत. नाईटच्या सिस्टरांनी चार्ज घेतलाय. वॉर्डात 36 कॉट, सिस्टर एक, मदतीला एक मावशी.

सात नंबरच्या आजींचं काल गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. सिस्टर विचारतात, "आजी, दुखतंय का?"

"सहन होतंय गं बाई."

हे उत्तर नीट ऐका. दुखत नाही, असं आजी म्हणालेल्या नाहीत. जन्मभर सोसायची सवय लागलेल्या बाईला दुखणं सांगणं म्हणजे कुणाला तरी त्रास देणं वाटतं. अशा वेळी केसपेपरवर 'तक्रार नाही' लिहून पुढच्या कॉटकडे जाणं फार सोपं असतं.

या सिस्टर स्टूल ओढून बसतात. वेदना मोजायला 0 ते 10 आकड्यांची पट्टी असते. 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे असह्य. आजींना ती उमगत नाही. मग सिस्टर विचारतात, "बरं, रुपयात किती आणे दुखतंय?"

"बारा आणे. खोकला आला की सोळा."

मोजमाप झालं.

(दृश्य: सिस्टरांचा हात चार्टवर लिहितोय.)

पुढचा प्रश्न, दुखतंय कसं? इथे आपली भाषा मोठी कामाची आहे. टाके ठणकतात. पोटात कळ येते आणि जाते, तेव्हा आतडं किंवा मूत्रमार्गातला खडा आठवावा लागतो. जखम ठसठसते, तेव्हा आत पू तर नाही ना, हे बघावं लागतं. बारा नंबरच्या काकूंना मधुमेह आहे. त्या म्हणतात, "तळपायांची आग होते, मुंग्या येतात." ही नसांची वेदना. तिला नेहमीच्या गोळीनं फारसा उतार पडत नाही, औषधंच वेगळी लागतात. म्हणून पेशंटचा शब्द जसाच्या तसा चार्टवर यायला हवा. सगळ्याच दुखण्यांपुढे 'पेन प्लस' लिहिलं की डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

रात्री 10. सलाईनमधून पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं ट्रॅमाडॉल. ते देण्याआधी सिस्टर मिनिटभर आजींचे श्वास मोजतात. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं, आणि अशा औषधांनी श्वास मंदावू शकतो. पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मिनिटाला 10 च्या खाली गेले असतील, तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं.

अर्ध्या तासानं त्या परत येतात. "आता किती आणे?" "पाच-सहा." हे परत येऊन विचारणंच घाईत सर्वांत आधी सुटतं, आणि औषध लागू पडलं की नाही ते कळायला दुसरा मार्ग नाही. जाताना त्या एक उशी पोटाशी धरायला देतात. खोकताना ती दाबून धरली की टाक्यांवर ताण कमी येतो. दुखण्याच्या भीतीनं आजी खोकल्याच नाहीत, खोल श्वास घेतला नाही, तर कफ साठून छातीत संसर्ग होऊ शकतो.

(दृश्य: घड्याळ. जुनं छायाचित्र.)

वेदना उसळायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे औषध द्यावं, हा आग्रह सिसिली सॉन्डर्स यांनी धरला. त्या मुळात नर्स. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकल्या, पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, मग त्या डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्येच सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. आपल्याकडे 1986 मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. सॉन्डर्सबाईंचा तो नियम इथे, साध्या सर्जरी वॉर्डातही, तितकाच लागू पडतो.

(दृश्य: वॉर्डातले दिवे एकेक करून मालवले जातायत.)

आता झोप. दुखतं म्हणून झोप लागत नाही, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. दर तासाला कुणी बीपीचा पट्टा बांधला, कुणी तापमान बघितलं, तर ते पूर्ण होणार कसं?

म्हणून सिस्टर कामं एकत्र बांधतात. आजींचं बीपी स्थिर आहे, डॉक्टरांनी तपासणी 6 तासांवर आणलीय. म्हणजे पुढचं बीपी, तापमान आणि औषध, सगळं पहाटे 4 ला, एकाच खेपेत. मावशींनी ट्रॉलीच्या चाकाला तेल घातलंय. वॉर्डातला रात्रीचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो कुजबुजीएवढा झाला. चटयांवरची माणसं, मोबाइल, हातातून पडलेलं ताट, हे सगळं धरून तिथवर पोचणं कठीण आहे. पण मोबाइलचा आवाज बंद करायला लावता येतो, मोठ्या दिव्याऐवजी टॉर्च वापरता येतो.

"मला झोपेची गोळी दे ना," असं आजी म्हणाल्या होत्या. सिस्टरांनी घाई केली नाही. अशा गोळीनं म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो, रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती असते, आणि ट्रॅमाडॉलसोबत ती श्वासावर अधिकच बोजा टाकते. आधी दुखणं कमी करून बघू, असं त्यांनी ठरवलं.

सव्वाअकराला आजींचा डोळा लागला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. झोपलेल्या माणसाला दुखत नाही, असं धरून चालू नये. दमलेला माणूस वेदनेसकटही झोपतो. म्हणून जाता-येता सिस्टर टॉर्च खाली धरून बघतात. कपाळावर आठ्या आहेत का, मुठी वळल्यात का, श्वास शांत आहे ना.

अडीचला अपघाताची पेशंट आली. स्ट्रेचर, रडारड, सगळे दिवे. वॉर्ड जागा झाला, आजीही. त्याला इलाज नव्हता. तीनच्या सुमारास मावशींनी पुन्हा दिवे मालवले.

(दृश्य: सकाळचे 8. दोन सिस्टर, मध्ये रिपोर्ट बुक.)

"सात नंबर. बीपी नॉर्मल, ताप नाही, लघवी व्यवस्थित. रात्री बारा आणे दुखत होतं, औषधानंतर सहा." मग बोट पुढच्या ओळीवर सरकतं.

"सव्वातीन तास सलग झोपल्या. आत्ता लागलाय परत डोळा. स्पंजिंग त्यांचं शेवटी करा."