वीस प्रश्न, बारा उत्तरं

[दृश्य: छोटी खोली. टेबलावर फाइल आणि टॅब्लेट. समोरासमोर दोन खुर्च्या.]

अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत अशा खोलीत होते. इथे प्रश्नपत्रिका मिळत नाही, चार पर्यायांतून एकावर खूण करायचीही सोय नाही. यूएससीआयएस या नागरिकत्वाचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याचा अधिकारी विचारतो आणि अर्जदार उत्तर देतो. म्हणजे नागरिकशास्त्राची ही तोंडी परीक्षा आहे. तरीही बहुतेक जण तिची तयारी मनातल्या मनात वाचून करतात.

अभ्यासाला बसण्याआधी अर्जाची पावती काढून तारीख बघा. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर भरला असेल, तर नवी परीक्षा. तिच्यात १२८ प्रश्नांच्या यादीतले जास्तीत जास्त २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारावं उत्तर बरोबर आलं की अधिकारी थांबतो, ९ चुकले तरी थांबतो. अर्ज त्याआधीचा असेल, तर जुनी परीक्षा: १०० प्रश्नांच्या यादीतले १० पर्यंत, पास व्हायला ६. इंटरनेटवरचं बरंच साहित्य अजून जुन्या यादीचं आहे, आणि फरक नुसता संख्येचा नाही. मूळ १३ राज्यांपैकी जुन्या परीक्षेत ३ सांगितली की भागायचं, नवीत ५ लागतात. संविधान ‘वुई द पीपल’ या शब्दांनी सुरू होतं, हे जुन्या परीक्षेत पुरायचं. नवी परीक्षा त्या शब्दांचा अर्थ विचारते. तिथे ‘सेल्फ गव्हर्नमेंट’ म्हणजे स्वशासन, एवढं उत्तर चालतं. ‘आम्ही, भारताचे लोक’ शाळेत म्हटलेल्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य: कॅपिटॉलची इमारत. मग दिल्लीतलं संसद भवन.]

शाळेतलं नागरिकशास्त्र इथे खरोखर उपयोगी पडतं, आणि नेमकं तेच घोटाळाही करतं. सिनेट हे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. सिनेटरची मुदत ६ वर्षं, राज्यसभेच्या खासदाराचीही ६. दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी भरल्या जातात. साम्य इथे संपतं. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १, पण सिनेटमध्ये अवाढव्य कॅलिफोर्नियाचे २ आणि चिमुकल्या वायोमिंगचेही २. लोकसभेची मुदत ५ वर्षं, तिथल्या खालच्या सभागृहाची, हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजची, फक्त २. लोकसभेच्या जागा ५४३, हाउसचे मतदान करणारे सदस्य ४३५. तेच तीन आकडे उलटसुलट, त्यामुळे ऐन वेळी जीभ हमखास घसरते. ही जोडी एकत्र लिहून भिंतीवर लावा.

राष्ट्राध्यक्षाला मात्र आपल्या राष्ट्रपतींसारखं समजू नका. तिथे पंतप्रधान नाही. कार्यकारी शाखेचा प्रमुख तोच, विधेयकावर व्हेटोही तोच वापरतो, मुदत ४ वर्षं. तसंच गव्हर्नरचं. आपल्याकडे राज्यपाल नेमलेला असतो, तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो. कामाच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

[दृश्य: मोबाइलवर प्रश्न ऐकणारी व्यक्ती, हातात कार्डं.]

रोज ६ प्रश्न घेतले तर १२८ प्रश्न २२ दिवसांत होतात. नंतरचे दोन आठवडे फक्त उजळणीला ठेवा. प्रश्न इंग्रजीत ऐकायचा आणि उत्तर इंग्रजीतच मोठ्याने द्यायचं. अर्थ मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही. कार्डं रोज पिसा. पाढ्यांसारखं क्रमाने पाठ केलं की मधलाच प्रश्न आला तर माणूस अडतो, कारण त्याला आधीचं उत्तर म्हटल्याशिवाय पुढचं आठवत नाही. एक नाव विचारलं तर एकच सांगा आणि थांबा. प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणा, त्याचे गुण जात नाहीत. राष्ट्राध्यक्ष, हाउसचा स्पीकर, आपल्या राज्याचे सिनेटर आणि गव्हर्नर यांची नावं मात्र मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा. उत्तर त्या दिवशीचं धरतात.

इंग्रजीची परीक्षा वेगळी असते. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचं. लिहिणं बहुधा टॅब्लेटवर असतं, म्हणून बोटाने किंवा स्टायलसने लिहायचा सराव घरीच करा. ‘फेब्रुवारी’ किंवा ‘डेलावेअर’चं स्पेलिंग थोडं चुकलं तरी अर्थ कळला तर चालतं. शब्दाचं लघुरूप लिहिलं तर चालत नाही. बोलण्याची परीक्षा तर अर्जावरच्या प्रश्नांतूनच होते. ‘ओथ’ (शपथ), ‘अलीजन्स’ (निष्ठा), ‘बेअर आर्म्स’ (शस्त्र हाती घेणं) यांचा अर्थ विचारला तर सोप्या इंग्रजीत सांगता यायला हवा. नागरिकशास्त्र चोख असलेले अनेक जण अडखळतात ते इथेच.

आई-वडिलांसाठी वयाची सवलत नीट समजून घ्या, कारण घरोघरी गैरसमज तिथेच आहे. नुसतं वय पुरत नाही, अर्ज भरताना ग्रीन कार्डावरची वर्षंही मोजतात. ५० वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ आणि १५, असं असेल तर इंग्रजी माफ होतं. मग नागरिकशास्त्र दुभाष्यामार्फत मराठीत देता येतं. ६५ वय आणि २० वर्षं असतील तर २० निवडक प्रश्नांतले १० विचारतात, ६ पुरतात. पण पासष्टाव्या वर्षी मुलाकडे आलेल्या आजी सत्तराव्या वर्षी अर्ज करतात, तेव्हा कार्डाची फक्त ५ वर्षं झालेली असतात. त्यांना संपूर्ण इंग्रजी द्यावं लागतं. त्यांची तयारी महिनाभरात उरकायला बघू नका, वर्षभर आधी सुरू करा. आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणं शक्य नसेल तर सवलतीसाठी डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ हा फॉर्म आहे.

नापास झालात तर त्याच शुल्कात दुसरी संधी मिळते, ६० ते ९० दिवसांत, आणि राहिलेला भागच पुन्हा द्यावा लागतो. दुसऱ्यांदाही गेला तर अर्ज नामंजूर होतो.

[दृश्य: शपथविधी. हातात प्रमाणपत्र.]

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख तिथेच, दालन सोडण्याआधी वाचून बघा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट आता प्रवासाला वापरायचा नाही. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करा.