मतपत्रिकेवर नसलेलं नाव

[दृश्य: बर्फाळ रस्ता, टाउन हॉलबाहेर मतदारांची रांग]

23 जानेवारी 2024, मंगळवार. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान. डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर 21 नावं छापली आहेत. खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचं मात्र नाही.

भांडण तारखेचं आहे. राज्याचा कायदा म्हणतो, आमची प्रायमरी इतर कुठल्याही तशाच निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी. आयोवा राज्याचा कॉकस त्याहून आधी होतो, पण ती पडली पक्षाची सभा, म्हणून चालतं. पळवाट म्हणा हवं तर! तारीख ठरवतात राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचं काम बघणारे अधिकारी. डेमोक्रॅटिक पक्षाने त्या वर्षी पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला, 3 फेब्रुवारीला. न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही. बायडन यांनी अर्जच भरला नाही. खरं तर लागतं काय? एक घोषणापत्र आणि 1,000 डॉलर.

समर्थकांच्या हाती उरलं राइट-इन.

[दृश्य: मतपत्रिका, जवळून]

छापील नावांखाली एक कोरी ओळ असते. तिच्या शेजारचा लंबगोल काळा करायचा आणि नाव हाताने लिहायचं. घोळ पुढे, मोजणीत. यंत्राला हस्ताक्षर वाचता येत नाही. अशा मतपत्रिका वेगळ्या खणात पडतात आणि मतदान संपल्यावर माणसं त्या एकेक करून वाचतात. स्पेलिंग चुकलं तरी मतदाराचा रोख कळला की मत धरतात. त्यामुळे त्या रात्री निकालात 'वाचायची राहिलेली राइट-इन मतं' असा रकाना बराच वेळ झळकत होता. बायडन जिंकले, सुमारे 64 टक्के मतं मिळवून.

इथे दहातले जवळपास चार मतदार कुठल्याच पक्षाचे नाहीत. ते केंद्रावर हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतात आणि जाताना एक फॉर्म भरून पुन्हा अपक्ष होतात.

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत]

1964 मध्ये हेन्री कॅबट लॉज दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगावमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. प्रचाराला आले नाहीत, मतपत्रिकेवर नाव नाही, तरी राइट-इन मतांवर गोल्डवॉटर आणि रॉकफेलर या दोन्ही उमेदवारांना हरवून रिपब्लिकन प्रायमरी जिंकले.

1968 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीची गंमत उलटी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना राइट-इनने सुमारे 49 टक्के, छापील नावाच्या युजीन मॅकार्थींना 42. पण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी तेव्हा वेगळ्या मताने निवडले जात. जागा 24. जॉन्सन गटाने त्याहून कितीतरी जास्त माणसं उभी केली, मतं फुटली आणि 20 प्रतिनिधी मॅकार्थींकडे गेले.

31 मार्चला जॉन्सन यांनी शर्यत सोडली.