इंजिन पाठीमागे येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आजची गोष्ट एका गाडीची. जानेवारी १९५३. न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले या शाखेची एक पांढरी, दोघांपुरती, बिनटपाची गाडी उभी होती. नाव कॉर्वेट. छोट्या, चपळ युद्धनौकेचं नाव तिला दिलं होतं. बघ्यांमध्ये झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा इंजिनिअर होता. ब्रुसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा गृहस्थ त्या गाडीवर इतका भाळला, की त्यानं शेव्हरोलेला पत्र धाडलं आणि त्याच वर्षी तिथे नोकरीला लागला.

गाडी म्हणजे मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या फ्लिंट गावात जेमतेम ३०० बनल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. अंग फायबरग्लासचं. इंजिन घरगुती गाड्यांच्याच घराण्यातलं, सहा सिलिंडर, १५० अश्वशक्ती. गिअर ऑटोमॅटिक, तेही दोनच. दाराला बाहेरून मूठ नाही. हात आत घालून उघडायचं! १९५४ मध्ये साडेतीन हजारांवर बनवल्या, तर कितीतरी विक्रेत्यांकडेच धूळ खात पडल्या. पुढच्या वर्षी फक्त ७००. गाडी बनवणंच बंद व्हायचं, पण तेवढ्यात फोर्डनं थंडरबर्ड आणली आणि आता माघार घेतली तर नाचक्की होईल, असं शेव्हरोलेला वाटलं. प्रतिस्पर्ध्यानं जीवदान दिलं म्हणा ना. १९५५ मध्ये व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन आलं आणि सोनूबाईच्या हाती खरं सोनं आलं.

दुसरी पिढी १९६३ ची, स्टिंग रे. म्हणजे आपल्या कोळीवाड्यातली पाकट! मागच्या काचेच्या मधोमध कण्यासारखी पट्टी होती. डिझाइनप्रमुख बिल मिचेल त्या पट्टीसाठी अडून बसला. डंटॉव्ह म्हणे, मागचं दिसतच नाही. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. बोलणं डंटॉव्हचंच खरं होतं. पण मला विचाराल तर त्या कण्याची गाडी सगळ्यांत देखणी. जुन्या गाड्यांच्या बाजारातही तिला चढा भाव.

डंटॉव्हच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. बैलगाडीत माल कुठे रचायचा, हे गाडीवानाला नेमकं कळतं. चुकलं की गाडी उलार होते. मोटारीतही वजनाचाच हिशोब. जोर मागच्या चाकांना द्यायचा आणि जड इंजिन पुढे ठेवायचं, म्हणजे जोरात निघताना मागची चाकं जागीच फिरतात. इंजिन चालकाच्या पाठीमागे घ्या, चाकं रस्ता घट्ट धरतील. १९६० साली त्यानं तशी प्रयोगाची गाडी बनवूनही दाखवली. पुढेही नमुने झाले. पण पुढच्या इंजिनाची कॉर्वेट खपतच होती, मग एवढा खर्च कोण करणार?

तिसरी पिढी १९६८ ते १९८२. अपोलो १२ या चांद्रमोहिमेच्या तिघा अंतराळवीरांकडे सोनेरी-काळ्या एकसारख्या कॉर्वेट होत्या, त्या याच पिढीतल्या. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि १९७५ मध्ये ५.७ लिटरच्या इंजिनातून १६५ अश्वशक्ती निघू लागली. शक्ती मोजायची रीत १९७२ मध्ये बदलल्यानं आकडा लहान दिसायचा हे खरं, तरीही मोठं घर, पोकळ वासा. १९७५ मध्येच डंटॉव्ह निवृत्त झाला.

चौथ्या पिढीआधी १९८३ चं वर्ष कोरडंच गेलं. चाचणीच्या गाड्या बनल्या, विकली एकही नाही. त्यांतली एक तेवढी उरली आहे. पाचव्या पिढीनं, १९९७ मध्ये, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेला. म्हणजे अर्धी वाट चालून झाली! इंजिन पुढेच. सहावी, सातवी पिढीही तशीच.

जुलै २०१९ मध्ये आठवी पिढी लोकांसमोर आली. ६.२ लिटरचं व्ही-८, ४९० अश्वशक्ती, आणि चालकाच्या पाठीमागे. डंटॉव्हच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा ५९ वर्षं होत आली होती. तो १९९६ मध्येच गेला होता. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनमध्ये कॉर्वेटचं संग्रहालय आहे, १९८३ ची ती एकुलती गाडीही तिथेच आहे. डंटॉव्हच्या अस्थीही तिथेच ठेवल्या आहेत. आणि पाठीमागे इंजिन असलेल्या कॉर्वेट बनतात, तो कारखाना त्याच गावात.

नमस्कार.