बापाशी बोलायची रंगीत तालीम

रामराम मंडळी. बारावीचा निकाल लागून गेला, पेरणीची धांदल सुरू आहे, तरी दहा मिनिटं बसा. ज्या पोरापोरींना जगणं नकोसं वाटतं त्यांना लहान गटात बसवून सावरायचं कसं हे शिकवता येतं, आज त्याबद्दल बोलू. लहान गट बरं का. सहा ते आठ पोरं, त्याच्यावर नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी हायस्कूलच्या पोरांसाठी असा 12 बैठकांचा कार्यक्रम बनवला, कास्ट नावाचा, म्हणजे कोपिंग अँड सपोर्ट ट्रेनिंग, सावरायचं आणि आधार घ्यायचं शिक्षण. राग, उदासी, व्यसन, अभ्यास, आणि मदत मागायची कशी, हे सगळं त्यात येतं. भाषण नाही, करून पाहायचं. आपल्याकडे काय होतं, मोटिवेशनल स्पीकर येतो, मंडप पडतो, हजार पोरं उन्हात आणि अर्धा वेळ शाल-श्रीफळात. आणि निकाल लागला की बसस्टँडवर टॉपरांचे फ्लेक्स, नापास झालेल्यानं रोज त्याच्याखालूनच एसटी पकडायची. ते फ्लेक्स बंदच करा म्हणतो मी, असो.

आता खरी गोष्ट सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, शाळेचा व्हरांडा, सात पोरंपोरी आणि एक समुपदेशक ताई. त्यात एक पोरगा, बारावीत दुसऱ्यांदा नापास, घरी सांगितलंच नव्हतं, निकाल अडकला म्हणे. सगळ्यांनी लिहायचं होतं, अडचणीत कोणाशी बोलशील? यानं लिहिलं, बैल. पोरं हसली. ताई हसली नाही, तिनं विचारलं, "काय सांगतं बैलाले?" तो म्हणे, "घरी जाऊच नाही असं वाटते." बैठक संपल्यावर तिनं त्याला बाजूला घेतलं अन् सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येते काय? आता लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल. नाही घुसत. विचारायचं, सरळ विचारायचं. तो हो म्हणाला. मग त्याच्याशी बोलूनच तिनं त्याच्या मामाला बोलावलं, दवाखान्यात डॉक्टरला दाखवलं, घरातली फवारणीची औषधं मामानं त्याच दिवशी आपल्याकडे नेऊन कुलपात टाकली.

पुढच्या बैठकीला तालीम. एक पोरगा बाप झाला, खांद्यावर दुपट्टा, खाकरणं हुबेहूब, "काहून बे, काय झालं निकालाचं?" सगळे हसून लोळले, हा पण हसला, पण तोंडातून शब्द निघेना. पुन्हा केलं. पुन्हा अडला. तिसऱ्यांदा बोलला, "बाबा, मी नापास झालो, मले भेव वाटते." आणि बाप झालेला पोरगा गपगार, त्याला पुढचं वाक्यच सुचेना! मग सगळ्यांनी मिळून काढलं, बाप ओरडला तर काय म्हणायचं, उठून गेला तर काय, आईला बोल लावला तर काय. तीन उत्तरं पाठ करून मामासोबत गडी घरी गेला.

धुऱ्यावर बाप बसला होता. यानं सांगितलं. बाप म्हणे, "मले मालूम हाय, मास्तरनं सांगतलं होतं. तू बोल्ला नाही म्हून मीबी बोल्लो नाही." मग दोन दिवस बाप बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुरवणीचा फॉर्म भरला काय?" आणि ह्याच्याकडे त्याचं उत्तरच नव्हतं, तिन्ही पाठ केलेली उत्तरं फुकट गेली. हे सांगताना तो असा हसतो की विचारू नका.

आता वेळ संपत आला. त्या कास्ट कार्यक्रमात अडचणीतून वाट काढायच्या पायऱ्या शिकवतात, त्या तेवढ्या सांगतो, थांब, विचार कर, पर्याय तपास, करून पाहा, आणि जमलं की स्वतःची पाठ थोपट. शेवटची पायरी आपल्याकडे कोणी शिकवत नाही. शाळेत असा गट करायचा असेल तर तयार माणूस लागतो, हौशी नको, गट लहान, सहा ते आठ. आणि आज रात्रीच कोणाला जड जात असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. परत सांगतो, लिहून घ्या, एक चार चार एक सहा. यानंतर ऐका बाजारभाव.