पुंगळीची दुसरी घडण

समोर आहे ती काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. जन्माने शॉटगनची, २४ बोअरची. पण आता तिला मार्टिनी-हेन्रीत बसायचंय. ही रायफल ब्रिटिश सैन्यात आली १८७१ साली. अशा रायफली अजून चालतात. त्यांची काडतुसं मात्र सहजी मिळत नाहीत.

मूळ काडतूस तसं नाजूकच. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली नळी आणि खाली वेगळी बसवलेली चकती. आत ८५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम, काळी दारू. फैरी झडत गेल्या की बंदूक तापायची, पत्रा आत चिकटायचा, आणि काढायला जावं तर चकती बाहेर, नळी आतच! १८८५ मध्ये सुदानात, अबू क्लियाच्या लढाईत, शत्रू अंगावर आलेला असताना रायफली अशाच अडकल्या. एकसंध पितळेची पुंगळी हा त्यावरचा उतारा होता.

काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. साच्यात दाबलं की ते मुकाट वळतं. पण दर दाबाला थोडं ताठरतं, आणि एका दाबाला फाटतं. म्हणून मधेच थांबून तोंडाकडचा भाग तापवायचा. ताण उतरतो, पितळ पुन्हा मऊ होतं. बुडाला मात्र आच लागता कामा नये. स्फोटाचा दाब तिथे झेलायचा असतो. ते मऊ पडलं तर धोका नेम धरणाऱ्याच्याच तोंडाशी.

धातूत राहिलेला ताण दिसत नाही, हीच खरी पंचाईत. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं बाहेर काढली, तर न झाडताच तडकलेली. कारण उलगडलं १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडणीत पितळेत अडकून राहिलेला ताण, दोघांचं संगनमत. सैन्याच्या काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ना? ती मळ नव्हे, तापवल्याची खूण.

आपल्या पुंगळीची मान आता ४५ कॅलिबरच्या, म्हणजे साधारण ०.४५ इंच व्यासाच्या, गोळीपुरती झालीय. खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, अजून जरा ढोबळ आहे. तो साच्यात पुरता होत नाही. पहिल्या बारात पुंगळी फुगते आणि त्याच रायफलीच्या कोठीचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा, आकार घेते. शेजारच्या रायफलीत ती कदाचित बसणारही नाही.

बुडावरचा शिक्का मात्र शॉटगनचाच.